वादळी पाऊस आला की ईएलसीबी पडते? दोष असा शोधा

दिवसभर अंगाची लाही लाही, घाम वाळता वाळत नाही. संध्याकाळी आभाळ काळंनिळं होतं, सोसाट्याचा वारा सुटतो, पहिली सर येते आणि घरातली ईएलसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, खाली. वर करावी तर पुन्हा पडते. दुसऱ्या दिवशी ऊन पडलं की सगळं सुरळीत. चार दिवसांनी परत ढग, परत अंधार.

मी वायरमन आहे. उष्ण, दमट हवेत उन्हाळ्यातली वादळं सुरू झाली की मला सगळ्यात जास्त फोन याच तक्रारीचे येतात. ही तक्रार रेंगाळते त्याचं कारण साधं आहे. मी पोचेपर्यंत पाऊस थांबलेला असतो, ओल वाळलेली असते आणि मेगर (वायरचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावला तरी रीडिंग चांगलंच येतं. मग घरचे म्हणतात, ईएलसीबीच बदलून टाका. ती बदलली की पुढचं वादळ येईपर्यंत समाधान, नंतर तेच. या तक्रारीत ईएलसीबी स्वतः खराब निघाल्याची घरं मी फार थोडी पाहिली आहेत. बाकी सगळीकडे ती आपलं काम चोख करत होती.

दोषाचा पत्ता बहुतेक वेळा ती पडण्याच्या वेळेवरून लागतो. वीज चमकली तेव्हा पडली, सर आल्यावर पंधरा मिनिटांनी पडली, की पाऊस थांबून तीन तास झाल्यावर पडली? या तिन्ही गोष्टींची कारणं वेगळी आहेत. म्हणून आजपासून डीबीशेजारी, म्हणजे घरातले हे सगळे स्विच असतात त्या पेटीशेजारी, एक कागद आणि पेन्सिल ठेवा.

ईएलसीबी नेमकं काय बघते

आपण सगळे ईएलसीबी म्हणतो. हल्ली बसवतात तिच्यावर आरसीसीबी छापलेलं असतं. इथे मी ईएलसीबीच म्हणेन, कारण फोनवर सगळे तेच म्हणतात.

फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती पाहते. कमी आला, तर उरलेला वाटेत कुठून तरी जमिनीत उतरला. तो ओल्या भिंतीतून उतरला असेल, मोटरच्या बॉडीतून उतरला असेल, नाहीतर कुणाच्या तरी अंगातून. घरासाठी ती साधारणपणे 30 मिलीअँपिअरची असते, कारण त्याहून जास्त करंट माणसाच्या छातीतून थोडा वेळ जरी वाहिला तरी हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. नियमाप्रमाणे 30 मिलीअँपिअरची ईएलसीबी 15 ला पडता कामा नये आणि 30 ला पडलीच पाहिजे. मधे ती कुठेही पडू शकते. हा 15 ते 30 चा पट्टा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

230 व्होल्टला 30 मिलीअँपिअर वाहायला साधारण 7,700 ओहमची वाट पुरते. बाहेरच्या दिव्याच्या होल्डरवर बसलेली धूळ भिजली की अशी वाट सहज तयार होते. जास्तीचा करंट गेला तरच सर्किट तोडणाऱ्या 6 अँपिअरच्या एमसीबीला एवढासा करंट जाणवतही नाही. त्यामुळे एमसीबी सगळ्या वर आणि ईएलसीबी तेवढी खाली, असं चित्र दिसतं.

संथ पावसात चालतं, वादळातच का पडते?

हा प्रश्न मला दर वर्षी विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. संथ पाऊस वरून खाली पडतो, त्यासाठी छज्जा पुरतो. वादळात ढगातून थंड हवा जोरात खाली कोसळते आणि जमिनीवर आडवी पसरते. त्या वाऱ्यावर पाऊस तिरका येतो आणि एरवी कधी भिजत नाही ती जागा भिजते: छज्जाखालचा दिवा, बोर्डाची कड, एसीच्या बाहेरच्या युनिटचं टर्मिनल.

दुसरं कारण धुळीचं. पावसाचं ताजं पाणी फारसं वाहक नसतं. पण कोरड्या दिवसांत साठलेली धूळ, क्षार, किड्यांची घाण त्यात मिसळली की ते चांगलंच वाहक होतं. म्हणून मोसमातल्या पहिल्या दोन-तीन वादळांत तक्रारी जास्त येतात. पुढे सरीवर सर येऊन सगळं धुतलं गेलं की काही घरांत त्रास आपोआप कमी होतो. त्याला दुरुस्ती समजू नका.

तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, आणि ते कुणी सांगत नाही. उन्हात तापलेल्या बंद जंक्शन बॉक्सच्या आतली हवा 60 अंशांपर्यंत जाऊ शकते. वादळाची सर आली की तोच बॉक्स काही मिनिटांत 25 अंशांवर येतो. एवढ्याने आतली हवा जवळजवळ एक दशांश आकसते. ती तूट भरून काढायला बॉक्स बाहेरून हवा ओढतो, आणि वायर आत शिरते त्या फटीवर त्या क्षणी पाणी साचलेलं असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. बॉक्स अक्षरशः पाणी पितो. एकदा आत गेलेलं पाणी सहजासहजी बाहेर पडत नाही. उन्हात त्याची वाफ होते, रात्री ती झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब धरून बसते. वरून धडधाकट, पक्का सील केलेला दिसणारा बॉक्स आतून ओला निघतो तो असा.

लक्षणं: कधी पडली?

वीज चमकली आणि त्याच क्षणी पडली, पाऊस अजून आलाही नव्हता. वर केली की राहते, पुन्हा त्रास नाही. इथे ओलीचा संबंध नाही. जवळपास किंवा तारांच्या लाइनवर वीज पडली की लाइनवर क्षणभराची मोठी लाट येते. घरातल्या लांब वायरिंगमधून, उपकरणांतल्या फिल्टरमधून (विजेतला बारीक गोंधळ गाळणारा भाग), किंवा सर्ज अरेस्टर बसवला असेल तर त्यातून ती लाट अर्थकडे जाते. ईएलसीबीला तो लिकेज वाटतो.

सर सुरू झाल्यावर पाच ते वीस मिनिटांनी पडली आणि वर राहतच नाही. बाहेरच्या भागात पाणी शिरलंय. दहातली सात-आठ घरं या गटातली.

पाऊस थांबून काही तास झाल्यावर, मध्यरात्री किंवा पहाटे पडली. ओल भिंतीतून किंवा स्लॅबमधून हळूहळू मुरत कंड्युइट पाइपपर्यंत (ज्यातून वायरी नेलेल्या असतात तो पाइप) पोचली, नाहीतर बॉक्समध्ये गार हवेने दव धरलं. हे शोधायला सगळ्यात चिवट.

लाइट गेली तेव्हा काही नाही, परत आली तेव्हा पडली. घरात इन्व्हर्टर असेल तर आधी त्याच्या न्यूट्रलवर संशय घ्या. नसेल, तर सगळी उपकरणं एकदम चालू होताना त्यांच्या फिल्टरमधून करंटचा झटका जातो, त्याने पडली असेल.

नुसती गुदमरणारी दमट हवा, पावसाचा थेंब नाही, तरी अधूनमधून पडते. हा बहुधा घरातल्या उपकरणाचा दोष, किंवा बारीक बारीक लिकेजची बेरीज.

हात लावण्याआधी

विजा कडाडत असताना डीबीपाशी जाऊ नका. अंधारात बसा, मेणबत्ती लावा, चालेल. चमक दिसल्यापासून आवाज येईपर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर असा हिशेब असतो. पण गडगडाट ऐकू येतोय म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात, मग अंतर किती का असेना. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं जाऊ द्या.

त्यानंतर मात्र वेळ घालवू नका. विजा थांबल्या आहेत पण ओल अजून जागेवर आहे, असा तास-दीड तास मिळतो. शोध त्याच वेळात घ्या, कारण सकाळी दोष वाळलेला असेल. पायात कोरडी रबरी चप्पल, हात कोरडे, उजेडासाठी बॅटरी. डीबीखालची फरशी ओली असेल तर थांबा, आधी ती पुसून कोरडी होऊ द्या.

पहिली तपासणी: खाली नेमकं काय पडलंय

पैसे शून्य, वेळ अर्धा मिनिट. फोनवर "मेन पडली" असं सांगतात आणि तिथे जाऊन बघावं तर एमसीबी पडलेली असते, किंवा काहीच पडलेलं नसतं, बाहेरचीच लाइट गेलेली असते. टेस्टचं बटण असतं ती ईएलसीबी. ती पडली असेल तर गळती, एमसीबी पडली असेल तर शॉर्ट किंवा जास्तीचा लोड. दोन्ही एकदम पडल्या असतील तर फेज कुठेतरी जोरात अर्थ झालाय, म्हणजे जमिनीशी जोडला गेलाय. तो सर्किट बंदच ठेवा आणि वायरमन बोलवा.

वेळ आणि हवा कागदावर लिहा: "7:40, सर येऊन दहा मिनिटं, वारा मागच्या बाजूने." वाऱ्याची दिशा आवर्जून लिहा. झड ज्या भिंतीवर आली, दोष बहुधा त्याच भिंतीवर असतो. केवळ या एका नोंदीमुळे माझे अर्धे दिवस वाचलेले आहेत.

दुसरी: टेस्टचं बटण

ईएलसीबी वर राहत असेल तेव्हा टेस्टचं बटण दाबा, ती झटकन पडली पाहिजे. पडली नाही तर तिच्यातली यंत्रणा अडकली आहे, आज-उद्या बदलून घ्या, बाकी शोध नंतर. वादळांचा मोसम सुरू होण्याआधी आणि नंतर महिन्यातून एकदा हे करत जा. दमट हवेत आतले सांधे जाम होतात, अधूनमधून हलवल्याने मोकळे राहतात.

एक गैरसमज मात्र काढून टाका. बटण दाबल्यावर पडली म्हणजे अर्थिंग चांगलं आहे, असं नाही. बटण आतल्या आत थोडा करंट वेगळ्या वाटेने फिरवतं, अर्थच्या तारेशी त्याचा संबंध नसतो. अर्थिंग पूर्ण तुटलेलं असलं तरी बटण काम करतं.

तिसरी: प्लग काढा, नुसतं बटण बंद नको

घरातलं प्लगवर चालणारं सगळं काढा. बोर्डाचं बटण सहसा फक्त फेज तोडतं, न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि दोष न्यूट्रलकडूनही असू शकतो. म्हणून प्लग सॉकेटमधून बाहेर आला पाहिजे. काढायला सगळ्यात जास्त विसरतात ते टीव्हीमागचा एक्स्टेंशन बोर्ड, राऊटर, पाण्याच्या शुद्धीकरण यंत्राचा प्लग आणि गॅलरीतलं कपडे धुण्याचं मशीन.

आता ईएलसीबी वर करा. राहिली, तर एकेक उपकरण परत लावा आणि प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. ज्याने पडली ते बाजूला ठेवा.

गिझरकडे मुद्दाम लक्ष द्या. उन्हाळाभर तो बंद असतो. त्याच्या एलिमेंटमधे तारेभोवती जी पांढरी पूड भरलेली असते ती हवेतलं बाष्प शोषते, आणि एलिमेंटच्या तोंडाशी असलेलं सील जुनं झालं असेल तर दोन-तीन महिन्यांत ती चांगलीच ओली होते. वादळाने हवा गार झाली, कुणाला गरम पाणी हवंसं वाटलं, बटण दाबलं आणि ईएलसीबी पडली. मग सगळे पावसाला दोष देतात. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड यांचंही तसंच.

चौथी: एकेक एमसीबी

प्लग काढूनही राहत नसेल तर सगळ्या एमसीबी खाली करा, ईएलसीबी वर करा, मग एमसीबी एकेक करून वर घ्या. प्रत्येकीनंतर मिनिटभर थांबा. जिच्यामुळे पडली ती खाली ठेवून बाकीच्या लावा. घर चालू राहील आणि शोधायचा भाग एका सर्किटपुरता उरेल. वायरमनला नुसतं "लाइट जाते" सांगण्याऐवजी "मागच्या बाजूच्या दिव्यांच्या सर्किटवर पडते" असं सांगितलंत तर त्याचं निम्मं काम झालेलं असतं.

यात दोन गोष्टी गोंधळात टाकतात. सगळ्या एमसीबी खाली असूनही ईएलसीबी राहत नाही, ही पहिली. दुसरी अशी की, कधी या एमसीबीने पडते तर कधी त्या, विशेषतः जास्त लोड लावला की. दोन्हींचा अर्थ बहुधा एकच: कुठेतरी न्यूट्रल अर्थ झाली आहे. साधी एमसीबी फेजच तोडते, न्यूट्रल तोडत नाही. म्हणून दोष एका सर्किटच्या न्यूट्रलमधे आणि पडते मात्र दुसऱ्याच सर्किटचा लोड वाढल्यावर.

एका घरात याच कारणाने तीन ईएलसीबी बदलून झाल्या होत्या. मागच्या खोलीत पडद्याच्या दांडीचा स्क्रू कंड्युइटमधल्या न्यूट्रलला चाटून गेला होता. भिंत कोरडी असताना काहीच नाही. वादळाची झड त्या भिंतीवर बसली, प्लास्टर भिजलं, की स्क्रूमधून न्यूट्रल अर्थ व्हायची. एरवी मेगर लावून काही मिळेना. शेवटी मी घरच्यांना सांगितलं, पुढच्या वादळानंतर लगेच बोलवा, किती का वाजले असेनात. रात्री साडेनऊला भिंत ओली असताना न्यूट्रलचं रीडिंग घेतलं आणि दोष वीस मिनिटांत हाती आला. तुमचीही अशी स्थिती दिसली तर इथेच थांबा. न्यूट्रलचा शोध डीबी उघडून घ्यावा लागतो, ते घरच्या माणसाचं काम नाही.

पाचवी: बाहेर फिरून डोळ्यांनी पाहा

सर्किट सापडला, आता त्यावरची बाहेरची प्रत्येक वस्तू पाहायची. मेन बंद करून पाहा, नुसतं दिव्याचं बटण बंद करून नाही. लोखंडी शिडी नको, भिजलेली तर नकोच.

फाटकावरच्या दिव्यापासून सुरुवात करा. माझ्या हिशेबात गुन्हेगारांत पहिला नंबर त्याचा. मागच्या मोसमात उतरवलेला एक दिवा अजून डोळ्यांसमोर आहे. काचेच्या गोळ्याच्या तळाशी दोन बोटं पाणी, त्यात मेलेले पंखवाले किडे, होल्डरच्या पितळी पट्टीवर हिरवट थर, आणि पट्टीपासून लोखंडी बैठकीपर्यंत प्लास्टिकवर काळी बारीक रेघ. तिथून करंट रांगत होता. गोळ्याभोवती कुणीतरी गोल फिरवून सिलिकॉन भरलं होतं, खालून सुद्धा. पाणी आत शिरू नये म्हणून केलेल्या या उपायानेच पाणी आत कोंडलं होतं. सिलिकॉन वर आणि दोन्ही बाजूंना लावा. खालची कड मोकळी सोडा, तळाला एक बारीक भोक ठेवा. बॉक्स श्वास घेणारच आहे, तो खालून घेऊ दे.

मग वायर आत शिरते ती जागा. बाहेरच्या बॉक्समधे वायर वरून शिरत असेल तर पाणी वायरवरून घसरत सरळ आत जातं. वायर खालून शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ दिलेला पाहिजे, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी येऊन गळून पडतो. टीव्हीच्या, नेटच्या, एसीच्या वायरी भिंतीतून आत येतात तिथेही हाच नियम. भिंतीतलं भोक आतून बाहेर उतरतं हवं. उलटा उतार असेल तर ती घरात येणारी पन्हळच झाली.

जॉइंट. उघड्यावरच्या जॉइंटला नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळलेली असेल तर ती टिकत नाही. उन्हाने डिंक पातळ होतो, टेपचं टोक सुटतं, आतल्या घड्यांत धूळ चिकटते आणि पाऊस आला की तीच धूळ ओल धरून ठेवते. बोट लावून पाहिलं, अर्थात मेन बंद करून, तर टेप हाताला चिकचिकते. असा जॉइंट उघड्यावर ठेवूच नये, तो बंद बॉक्समधे नेऊन नीट कनेक्टरने करायचा.

बाकीचं भरभर पाहून घ्या: बेलचं बाहेरचं बटण, गच्चीवरचा सॉकेट, पंपाचा स्टार्टर, एसीच्या बाहेरच्या युनिटचं झाकण. या बॉक्समधे मुंग्या माती आणून घर करतात आणि ती माती स्पंजासारखी पाणी धरते. पाल शिरून चिकटलेलीही सापडते. झाकण उघडल्यावर तांबं हिरवं, स्क्रू गंजलेले किंवा प्लास्टिकवर काळ्या रेघा दिसल्या तर ती वस्तू पुसून परत लावू नका, बदला. काळ्या रेघेवर कोळसा झालेला असतो आणि कोळशातून करंट वाहतो. पुसून ती रेघ जात नाही, पुढच्या ओलीत पुन्हा तेच होतं.

केस वाळवायच्या यंत्राने बॉक्स वाळवला आणि प्रश्न सुटला, असं पुष्कळ जण सांगतात. वाळवून तात्पुरती ईएलसीबी राहील, दोष नक्की तिथेच होता याची खात्रीही होईल. पण पाणी आलं कुठून ते बंद केल्याशिवाय ती दुरुस्ती नाही.

सहावी: थेंबे थेंबे साठलेली गळती

वरचं सगळं करूनही एका सर्किटवर बोट ठेवता येत नसेल, तर बेरीज करा. संगणक, टीव्ही, इन्व्हर्टर एसी, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, यांतल्या फिल्टरमधून प्रत्येकी अर्धा-एक मिलीअँपिअर अर्थमधे जातोच. तो दोष नाही, त्यांची रचनाच तशी आहे. अशी पंधरा उपकरणं एकाच ईएलसीबीवर असली की कोरड्या दिवशीही 10-12 मिलीअँपिअर आधीच खर्ची पडलेले असतात. वर सांगितलेला 15 ते 30 चा पट्टा आठवा. अशा घरात दमट हवेची जरा भर पडली तरी पुरते.

उपाय मोठ्या आकड्याची ईएलसीबी नव्हे. 30 च्या जागी 100 किंवा 300 मिलीअँपिअरची बसवली की पडणं थांबतं हे खरं. पण ती माणसाला शॉकपासून वाचवण्यासाठी नसते, आगीपासून आणि वायरिंगच्या रक्षणासाठी असते. उपाय म्हणजे विभागणी: बाहेरच्या दिव्यांना आणि पंपाला एक, घरातल्या सॉकेटना दुसरी, किंवा प्रत्येक सर्किटला स्वतंत्र आरसीबीओ (एमसीबी आणि ईएलसीबी एकाच स्विचमधे). खर्च होतो, पण वादळात फाटकाचा दिवा भिजला म्हणून फ्रिज बंद पडत नाही. हे काम वायरमनकडून करून घ्या. न्यूट्रलही त्याच हिशेबाने वेगळ्या कराव्या लागतात, एक जरी चुकीच्या पट्टीवर गेली तरी नव्या ईएलसीबी पडतच राहतील. इन्व्हर्टरच्या घरांत लाइट परत येताना पडते तिथे मला बहुतेक वेळा हीच चूक सापडते.

सातवी: वीज चमकताक्षणी पडणाऱ्यांसाठी

मोसमात एक-दोनदाच होत असेल आणि वर केल्यावर राहत असेल तर काही करू नका. वारंवार होत असेल तर सर्ज अरेस्टरची खिडकी पाहा. हिरवी असेल तर ठीक, लाल झाली असेल तर आतला भाग संपलाय, बदला. अरेस्टर ईएलसीबीच्या पुढे, म्हणजे घराच्या बाजूला जोडला असेल तर लाट अर्थमधे सोडताना तो दर वेळी ईएलसीबी पाडणार. त्याची जागा बदलता येईल का ते वायरमनला विचारा. लाटेने चटकन न पडणाऱ्या, किंचित उशीर लावणाऱ्या 30 मिलीअँपिअरच्या ईएलसीबीही मिळतात, त्या इथे उपयोगी पडतात.

वादळाची चाहूल लागली की टीव्ही, संगणक, राऊटर यांचे प्लग काढून ठेवणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. पण चाहूल लागली तेव्हाच, विजा डोक्यावर आल्यावर नाही.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

नळाला, भिंतीला, फ्रिजच्या बॉडीला किंवा कशालाही हात लावून मुंग्या आल्या, तर शोध तिथेच थांबवा. मेन बंद करा आणि बंदच ठेवा.

जळका वास, डीबीतून चरचर आवाज, काळवंडलेला सॉकेट, डीबीच्या आत पाण्याचा ओघळ, स्लॅबमधून किंवा दिव्यातून ठिबकणारं पाणी: तेच करा. डीबीपर्यंत पोचायला पाण्यात पाय टाकावा लागत असेल तर डीबीकडे जाऊच नका, बाहेरून पुरवठा तोडायला वीज कंपनीला कळवा. खांबावरून घरापर्यंत येणारी वायर वादळात तुटली, लोंबली किंवा तिच्यावर फांदी पडली, तर ते वायरमनचंही काम नाही, वीज कंपनीचंच. तोवर तिच्यापासून लांब राहा आणि मुलांना, जनावरांना जवळ जाऊ देऊ नका.

ईएलसीबी तीन वेळा वर करून तिन्ही वेळा पडली तर चौथ्यांदा करू नका. आणि कंटाळून ती बायपास करू नका, कुणाला करूही देऊ नका. मला एका घरात ती बायपास केलेली सापडली, आदल्या उन्हाळ्यात कुणीतरी "तात्पुरती" केलेली. पंपाच्या बॉडीवर फेज आला होता आणि अर्थची तार गंजून तुटलेली होती. त्या घरात लहान मुलं रोज त्याच पंपाशेजारी अंगणात पाण्यात खेळायची. ते बघून माझे हात कापायला लागले होते.

वायरमन आला की त्याच्याकडून काय मागायचं तेही सांगतो. प्रत्येक सर्किटचं फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं दोन्ही मेगर रीडिंग, 500 व्होल्टवर, उपकरणं सोडवून. एक मेगओहमच्या खाली चालत नाही, आणि धडधाकट वायरिंग त्याच्या कितीतरी वर दाखवतं. अर्थिंगचं रीडिंग. लिकेज मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर सगळं चालू असताना एकूण गळती किती मिलीअँपिअर. ही तपासणी शक्यतो वादळानंतर लगेच, ओल असतानाच करून घ्या, आणि आठवड्याभराने कोरड्या दिवशी पुन्हा एकदा. ज्या सर्किटच्या दोन आकड्यांत फार तफावत दिसेल, पाणी त्याच सर्किटमधे शिरतंय. दोन्ही रीडिंग तारखेसकट कागदावर लिहून डीबीच्या दाराला आतून चिकटवा, पुढच्या मोसमात जो कुणी येईल त्याने आधी तोच कागद वाचावा.